आपल्या कढईतलं तेल कोण ठरवतं? (पामतेल, आयात आणि आरोग्य)

जाईजुई :

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने रेशनकार्डावर 'आनंदाचा शिधा' दिला. शंभर रुपयांत चार जिन्नस: रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. पुढे इतर सणांनाही असे संच आले. चर्चा झाली ती संच वेळेत पोचले की नाही याची. करडई, भुईमूग, सोयाबीन पिकवणाऱ्या राज्यात करंज्या-चकल्यांसाठी इंडोनेशिया-मलेशियाचं तेल का वाटलं गेलं, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. मला तेच बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येतात त्यात यंत्रमागावर काम करणारे, विड्या वळणाऱ्या बायका, रिक्षावाले असे खूप जण असतात. पस्तिशी-चाळिशीतच साखर वाढलेली, कोलेस्टेरॉल वाढलेलं. आम्ही सगळे त्यांना सांगतो, तेल कमी करा, बाहेरचं खाऊ नका. सांगणं बरोबरच आहे. पण त्या बाईच्या घरात येणारी तेलाची पिशवी, पोराच्या दप्तरातला पाच रुपयांचा पुडा आणि नवरा पाळी सुटल्यावर खातो तो वडा, या तिन्हींत कुठलं तेल असावं हे तिने कधी ठरवलेलंच नाही. ते तीस वर्षांपूर्वी दिल्लीत ठरलं.

थोडा इतिहास सांगते. ऐंशीच्या दशकात खाद्यतेलाच्या आयातीवर देशाचं भरमसाठ परकीय चलन जात होतं. म्हणून १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मिशन सुरू झालं. नवी वाणं आली, हमीभाव मिळाला, आयातीवर सरकारचा ताबा राहिला. १९९३-९४ पर्यंत आपण तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. यालाच पीत क्रांती म्हणतात. आणि नेमकं १९९४ मध्ये पामोलिनची (पामतेलाच्या पातळ भागाची) आयात खुली झाली. आधी ६५ टक्के शुल्क होतं, ते उतरत उतरत १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आलं. आज आपल्या गरजेच्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यात सर्वांत मोठा वाटा पामचा, आणि जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपण आहोत.

पामतेल स्वस्त असण्याला कारण आहे. एका हेक्टरमधून वर्षाला तीन-साडेतीन टन तेल निघतं. सोयाबीनच्या हेक्टरमधून अर्धा टनही निघत नाही. झाड पंचवीस वर्षं फळतं, बारा महिने घड येतात. त्याच्याशी कोरडवाहू भुईमुगाने किंमतीत कसं टिकायचं?

आता शरीराकडे येते. पामतेलात जवळपास निम्मा भाग संपृक्त मेदाचा (सॅच्युरेटेड फॅट). पामोलिन हा त्याचा पातळ भाग, त्यात तो थोडा कमी, तरी चाळीस टक्क्यांच्या वर. करडई आणि सूर्यफुलात साधारण दहावा हिस्सा, सोयाबीनमध्ये पंधरा टक्के, शेंगदाण्यात पाचव्या हिश्श्याच्या आसपास. संपृक्त मेद जास्त आणि असंपृक्त कमी असं गणित रोज होत राहिलं की रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतं. एकेका माणसात फरक थोडाच दिसतो, पण कोट्यवधी माणसांत तोच थोडा फरक मोठा होतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. मॉरिशसचं उदाहरण आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. तिथे लोक रोजच्या स्वयंपाकाला 'रेशनचं तेल' वापरत आणि त्यात मुख्यतः पामतेल असे. १९८७ मध्ये तिथल्या सरकारने ते बदलून सोयाबीनचं तेल केलं. सोबत तंबाखू, दारू, व्यायाम यांवर मोहीमही चालवली. पाच वर्षांनी, १९९२ मध्ये तपासलं तर पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर आलं होतं. आपल्या लॅबच्या भाषेत साधारण २१२ वरून १८२. बायकांमध्येही तशीच घट होती. संशोधकांनी हिशेब केला तेव्हा या घटीचा बराच मोठा भाग तेल बदलल्यामुळे आहे असं निघालं. हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९९६ साली छापून आलंय. त्या बेटावर कितीतरी पिढ्यांपासून मराठी कुटुंबं राहतात, म्हणजे हे आपल्या नात्यातल्या माणसांवरही घडलेलं आहे. अख्ख्या देशाचं कोलेस्टेरॉल तीस अंकांनी उतरलं, आणि त्यातल्या तेलामुळे झालेल्या घटीसाठी कुणालाही पथ्य पाळावं लागलं नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे की आयात शुल्क, रेशनचं कंत्राट, वेष्टनाचे नियम हे आरोग्याचे निर्णय आहेत, आणि ते घेताना आरोग्याचं माप लावलं जात नाही. तुमच्या भागात काय बदललं, काय आठवतं, काय पटत नाही, सगळं लिहा.

शिवारातला :

ताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. औसा तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असायच्याच. काटे असतात म्हणून जनावर आत शिरत नसे, कुंपणाचं काम व्हायचं. कोवळी असताना भाजी, नंतर तेल, पेंड बैलांना. गावात घाणा होता.

पण एक दुरुस्ती करू द्या. करडई फक्त पामतेलाने घालवली असं नाही. काढणीला मजूर मिळेनात, काट्यात हात घालायला कोण तयार होतंय? फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचं वाण काढलं होतं, ते आमच्या भागात पोचलंच नाही. हरभऱ्याचं यंत्राने काढणीचं जमलं आणि पाण्याची एखादी पाळी मिळाली की पीक साधतं, म्हणून सगळे हरभऱ्याकडे वळले. भुईमूग रानडुकरांनी सोडायला लावला. पामतेलाने काय केलं, तर या सगळ्यात तग धरायला जो भाव लागतो तो मिळू दिला नाही. तेलगिरण्या बंद पडल्या, मग करडई पिकवूनही घ्यायला कोणी नाही. एकदा खरेदीदार गेला की पीक परत येत नाही.

दुसरं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने तेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या खाद्यतेलावर साडेपाचचं साडेसत्तावीस टक्के झालं. आम्हाला वाटलं आता सोयाबीन हमीभाव गाठेल. हमीभाव ४८९२ होता आणि बाजार समितीत चार हजारांच्या आसपासच विकावं लागलं. मग ३० मे २०२५ ला शुल्क परत खाली, साडेसोळा. ऐन पेरणीच्या तोंडावर. शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर पेरायचं?

माईआजी :

रेशनचं पामतेल मला चांगलं आठवतं. ऐंशीच्या दशकात गिरगावात राहत होतो, दुकानासमोर किटल्या घेऊन रांग लागायची. थंडीत ते तेल तळाशी गोठायचं, चुलीशेजारी ठेवून पातळ करायचं. भाजीला त्याचा वास आवडायचा नाही, म्हणून सणाच्या तळणापुरतं वापरायचो आणि रोजची फोडणी शेंगदाणा तेलाची. पण महिन्याला किती तेल? पाच माणसांत तीन किलोच्या वर गेल्याचं आठवत नाही. आता सुनेच्या घरी चार माणसांत पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नाही, आणि वर बाहेरचं असतंच.

मोरेश्वर :

मी उरणला आयात-निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात होतो, आता निवृत्त. टँकर जहाजांतून पामतेल कसं उतरतं ते रोज पाहिलंय, म्हणून दोन गोष्टी नीट सांगतो.

'जागतिक व्यापार संघटनेने हात बांधले म्हणून आयात खुली करावी लागली' असं सर्रास म्हटलं जातं. सोयाबीन तेलाच्या बाबतीत ते काही अंशी खरं, कारण त्यावर ४५ टक्क्यांच्या वर शुल्क लावणार नाही असं आपण करारात कबूल केलं होतं. पण पामतेलावर आपली कमाल मर्यादा ३०० टक्के आहे. म्हणजे १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आलो ते आपल्या मर्जीने. शहरातला तेलाचा भाव चढला की सरकारं घाबरतात, निवडणूक जवळ असेल तर जास्तच. नंतरही शुल्क वरखाली होतच राहिलं. २००८ मध्ये भाव भडकले तेव्हा कच्च्या खाद्यतेलावर शून्य केलं, २०१८ मध्ये कच्च्या पामवर ४४ टक्के.

आणखी एक. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळल्याने ड्रॉप्सीची (अंगावर सूज आणणाऱ्या आजाराची) साथ आली. साठावर माणसं दगावली. त्यानंतर सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि पाकीटबंद रिफाइंड तेलाला मोकळं रान मिळालं. लहान घाणेवाले त्या नियमात बसूच शकले नाहीत. भेसळ रोखायलाच हवी होती, पण त्याचा फायदा बंदराजवळ मोठी रिफायनरी असणाऱ्यांना झाला. कच्चं पामतेल जहाजातून थेट टाकीत, टाकीतून रिफायनरीत, तिथून ट्रकने देशभर. या साखळीपुढे लातूरच्या गिरणीचं काय चालणार?

खमंग :

माझा नाशिकला फरसाणचा छोटा कारखाना आहे. लोक आम्हाला नावं ठेवतात म्हणून धंद्यातून जे दिसतं ते लिहितो.

पामोलिनवर तळलेली शेव महिना-दोन महिने खवट होत नाही. सूर्यफुलावर तळली तर लवकर वास येतो, कारण ते तेल हवेने आणि उष्णतेने पटकन बिघडतं. पामोलिन जास्त तापमान सोसतं, फेस कमी येतो. पंधरा किलोच्या डब्यामागे शेंगदाणा तेलाशी तुलना केली तर फरक इतका आहे की मी शेंगदाणा वापरून माल काढला तर दुकानदार घेणारच नाही. एका घराण्याच्या ऑर्डरसाठी करतो कधी शेंगदाणा तेलात, ते त्याची किंमत देतात.

पाच आणि दहा रुपयांचा पुडा हेच आमच्या धंद्याचं माप आहे. पुड्याची किंमत वाढवता येत नाही. मग वजन कमी करा नाहीतर तेल स्वस्त वापरा. २०२२ मध्ये इंडोनेशियाने २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यात बंद केली होती ते आठवतंय का? युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल आधीच अडकलेलं. त्या दिवसांत मी अक्षरशः रात्री झोपलो नाही. २३ मेला त्यांनी बंदी उठवली. जाकार्तातल्या एका घोषणेने नाशिकमधले माझे आठ कामगार घरी बसायची वेळ आली होती.

वापरलेल्या तेलाबद्दल: २०१८ पासून नियम आहे की तेलातले पोलर घटक (तेल तापून बिघडलं की तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकायचं. मोठे कारखाने मोजतात. रस्त्यावरच्या गाड्यांवर कोण मोजणार? ते काळं झालेलं तेल पुन्हा पुन्हा तापतं. ताईंनी त्यावर लिहावं.

हृदयठोका :

डॉक्टर आहे, हृदयरोगाचे रुग्ण पाहतो. धाग्याचा रोख पटतो, पण सगळं खापर एका तेलावर फुटू नये म्हणून लिहितो.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ही वाढ पामतेलाने झाली असं कुणालाही सिद्ध करता येणार नाही. बैठं काम, पांढरा तांदूळ आणि मैदा, साखर, झोप, गर्भात असतानाची कुपोषणाची पार्श्वभूमी, शहरांची रचना, सगळं त्यात आहे. मॉरिशसचंच पाहा. तिथे कोलेस्टेरॉल उतरलं, पण मधुमेह उतरला नाही, तो आजही जगातल्या जास्त प्रमाण असलेल्या देशांत मोजला जातो.

स्वस्त तेलाचं खरं नुकसान मला दुसरीकडे दिसतं. तेल स्वस्त झालं म्हणून तळणं स्वस्त झालं. पूर्वी तळण सणाला व्हायचं, आता ते रोज चार वाजताचं खाणं आहे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल असा आकडा आहे. दिवसाला ५४ ग्रॅम झाले, म्हणजे जवळजवळ ४८५ कॅलरी नुसत्या तेलाच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नव्या मार्गदर्शनात बैठं काम करणाऱ्याला याच्या निम्मं पुरतं. अर्थात हा आकडा उपलब्धतेचा आहे. हॉटेलात फेकलेलं, कारखान्यांत इतर कामाला गेलेलं तेलही त्यात येतं, आणि गरीब घरांत अजूनही याच्या निम्मंसुद्धा पोचत नाही.

दूरदेशी :

सिंगापूरहून. इथे राहणाऱ्यांना पामतेलाची दुसरी बाजू नाकाने कळते.

२०१५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुमात्रा आणि बोर्निओत आगी लागल्या. तिथली दलदलीची जमीन म्हणजे हजारो वर्षांचा कुजलेला पाला, त्याला पीट म्हणतात. पाम आणि कागदाच्या लाकडाच्या लागवडीसाठी कालवे खणून त्यातलं पाणी काढतात, मग ती जमीन वाळते आणि पेटली की जमिनीखालून महिनोन्महिने धुमसते. त्या वर्षी एल निन्यो होता, पाऊस लांबला. २५ सप्टेंबरला इथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, दमेकरी. आम्ही दारं-खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसायचो.

आमच्याकडे निदान बंद खोली आणि हवा शुद्ध करणारं यंत्र होतं. इंडोनेशियातल्या रियाऊ, पालांगकाराया इथले लोक त्याच धुरात उघड्यावर जगत होते. हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी नंतर अंदाज काढला की त्या धुरामुळे तीन देशांत मिळून एक लाखाच्या आसपास जादा मृत्यू झाले, त्यातले नव्वद हजारांहून जास्त इंडोनेशियातले. हा गणिती प्रारूपावरून (मॉडेलवरून) काढलेला अंदाज आहे, त्यावर वादही झाले. पण त्या धुरात जे राहिले त्यांना तो अतिशयोक्तीचा वाटत नाही.

आपण या तेलाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहोत. युरोपने निदान जंगलतोडीचं तेल नको असा कायदा केला. आपण फक्त भाव विचारतो.

गोंयकार :

आमच्याकडे खोबरेल, तेव्हा तेलाच्या शर्यतीत आम्ही आधीच बाहेर. खोबरेलात नव्वद टक्के संपृक्त मेद असतो हे मान्य. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या त्याच पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. आमचे पूर्वजही खोबरेल आणि नारळच खात होते, तेव्हा हे नव्हतं. शेत पडीक पडलं, उंडे-पाव दारात येतात, खारवीसुद्धा इंजिनाच्या होडीवर. म्हणजे एका तेलापेक्षा अख्खी दिनचर्या पालटली. या दृष्टीने हृदयठोका यांच्याशी सहमत.

जाईजुई :

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं सविस्तर उत्तर देते.

शिवारातला दादा, हरभरा आणि मजुरीचा मुद्दा फार महत्त्वाचा. माझ्या लेखात तो हवा होता.

खमंग, तुमच्यावर राग नाही, उलट तुमच्या प्रतिसादाने चित्र पुरं झालं. अजून एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगते. पामतेल नसतं तर तुम्ही आणि बेकरीवाले वनस्पती तूपच वापरत राहिला असता. त्यातलं ट्रान्स फॅट हृदयाला पामतेलापेक्षाही वाईट. एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आणली, हे खूप चांगलं पाऊल होतं. जागतिक आरोग्य संघटनेचाही तोच आग्रह होता. पण घट्ट, टिकाऊ मेद हवा असणाऱ्या उद्योगाने डालडा सोडला आणि तो पामकडे वळला. विखारी वस्तू गेली, कमी वाईट वस्तू आली. मी त्या बदलाच्या विरोधात नाही. रस्त्यावरच्या काळ्या तेलावर वेगळा धागा काढते, एवढ्यात मावणार नाही. तोवर इतकंच, तेल पुन्हा पुन्हा तापवलं की जे घटक तयार होतात ते कुठल्याही तेलात होतात, करडईच्या तर जास्त लवकर. तळणासाठी करडई नको.

डॉक्टर, मधुमेहाचं खापर मी पामवर फोडलेलं नाही, फोडणारही नाही. पण 'अनेक कारणं आहेत' हे वाक्य आपल्याकडे फार वेळा काहीच न करण्यासाठी वापरलं जातं. मॉरिशसला मधुमेह थांबवता आला नाही, पण एक गोष्ट हातात होती ती त्यांनी केली आणि हृदयाचा धोका कमी झाला. अनेक कारणांतलं एक तरी सरकारच्या सहीने बदलता येत असेल तर ते का सोडायचं?

आणि दूरदेशी, धुराचा भाग माझ्या डोक्यातच आला नव्हता. तुमच्या लेकीची तब्येत आता कशी आहे?

दूरदेशी :

छान आहे. शाळेच्या संघात पोहते.

वसुधा_नगर :

माझा आक्षेप आहे, जरा कडक वाटला तर क्षमा करा.

तुम्ही सगळे ज्या करडई-शेंगदाण्याच्या आठवणी काढताय ते तेल गरिबाच्या घरी होतं का? मी नगर जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. कोरडी भाकरी आणि चटणी खाणारी घरं मी पाहिली आहेत. चटणीवर तेलाची धार ही चैन होती. लहान मुलांना वाढीला मेद लागतो, त्याशिवाय अ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. पामतेलामुळे पहिल्यांदा त्या घरांत रोज फोडणी पडली. आज तुम्ही कर वाढवा म्हणाल आणि शहरातला माणूस ऑलिव्हकडे जाईल. मार खाणार ती बाई, जिला महिन्याला दोन पिशव्या परवडतात.

अंकगणित :

वसुधाताईंचा मुद्दा संशोधनातही आला आहे. २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये भारतावरच एक अभ्यास आला होता. पामतेलावर २० टक्के कर लावला तर २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे सुमारे ३ लाख ६३ हजार मृत्यू टळतील असा अंदाज. ऐकायला मोठा आकडा, पण अशा एकूण मृत्यूंच्या तुलनेत १.३ टक्के. आणि लेखकांनी स्वतःच बजावलं होतं की फायदा मुख्यतः शहरी पुरुषांना होईल आणि गरिबांच्या अन्नसुरक्षेला धोका आहे. लोक दुसऱ्या चांगल्या तेलाकडे वळतात की तेलच सोडतात, यावर सगळं अवलंबून.

जाईजुई :

वसुधाताई, कडक अजिबात नाही. तुम्ही म्हणता ती घरं मीही पाहते आणि म्हणूनच मी मूळ लेखात कर हा उपाय लिहिला नाही. मॉरिशसने कर लावला नव्हता. त्यांनी गरिबाच्या हातातलं तेल काढून घेतलं नाही, त्या पिशवीतलं तेल बदललं. आणि लक्षात घ्या, मॉरिशसमध्ये सोयाबीन पिकत नाही. बदललेलं तेलही आयातच होतं! म्हणून मी 'विदेशी वाईट, देशी चांगलं' असं म्हणत नाहीये. बाहेरून काय आणायचं हे निवडताना त्यांनी भावासोबत रक्ताचा अहवालही पाहिला.

आपला देश मोठा, मॉरिशससारखं एका आदेशात सगळं बदलणार नाही हे मला कळतं. पण राज्य सरकार स्वतः विकत घेऊन वाटतं ते तेल तरी? सणाचा संच दिला तर त्यातलं, वसतिगृहांतलं, शाळेतल्या पोषण आहाराचं तेल. हे आपल्याच कराच्या पैशातून, आपल्याच निविदेने घेतलं जातं. त्या निविदेत 'पामतेल' या शब्दाच्या जागी सोयाबीन किंवा करडईचं तेल, निदान मिश्र तेल, लिहायला जागतिक व्यापार संघटना आडवी येत नाही. खर्च वाढेल. तो शासनाने सोसावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नंतर स्टेंट बसवायचा खर्चही शासकीय योजनेतून तेच सोसतात.

वसुधा_नगर :

हे पटलं. पोषण आहाराच्या तेलाबद्दल तर शंभर टक्के. पिशवी काढून घेऊ नका, पिशवीतलं बदला, हे मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही सांगेन.

मोरेश्वर :

ताई, निविदेचं म्हणता ते शक्य आहे, पण अडचणही सांगतो. पुरवठादार मोजके असतात आणि त्यांच्या टाक्या पामोलिनच्या आहेत. एका सणासाठी लाखो लिटर करडई तेल मागाल तर राज्यात तेवढं निघतच नाही. सोयाबीन तेल मात्र मिळू शकतं, लातूर-अकोला पट्ट्यात गाळप कारखाने उभेच आहेत. तीन वर्षं आधी सांगून टप्प्याटप्प्याने करावं लागेल. आणि केंद्राचा रोख उलट आहे. २०२१ मध्ये ११,०४० कोटींचं पाम मिशन आलं, ईशान्य भारत आणि अंदमानात लागवड वाढवायला. तेलबियांचं वेगळं मिशन नंतर २०२४ मध्ये आलं.

ऋतुजा पी :

मला एक साधा प्रश्न आहे. दुकानात उभी राहून मी काय वाचू? प्रत्येक पुड्यावर इतकी बारीक अक्षरं असतात की भिंग लागेल. चिलीमध्ये २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद जास्त असेल तर पुड्याच्या तोंडावर काळा अष्टकोनी शिक्का मारतात. मेक्सिकोनेही केलं. आपल्याकडे २०२२ मध्ये पुड्यावर दर्जाचे तारे छापायचा मसुदा आला होता, म्हणजे बिस्किटालासुद्धा दोन तारे मिळणार. तारा पाहून आई पोराला ते घेऊनच देईल ना!

जाईजुई :

ऋतुजा, अगदी बरोबर, तारे नकोतच, इशारा हवा. तोवर दोन ठिकाणी बघ. घटकांच्या यादीत 'रिफाइंड पाम तेल', 'पामोलिन' किंवा 'इंटरएस्टरिफाइड वनस्पती मेद' असं दिसेल. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जितकं वर तितकं जास्त. दुसरं, पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे संपृक्त मेद किती ते. तेलाच्या पिशवीवर 'मिश्र खाद्य वनस्पती तेल' असेल तर त्यात दोन तेलं असतात, प्रत्येकाचं प्रमाण छापलेलं असतं. दोन्हींपैकी कुठलंही तेल २० टक्क्यांपेक्षा कमी नसलं की मिश्रण चालतं, त्यामुळे पुढे मोठ्या अक्षरांत ज्याचं चित्र आहे तेच जास्त असेल असं धरू नकोस.

माईआजी :

बाळा, मग घरात कुठलं तेल वापरायचं ते एकदा सरळ सांग. आमच्या सोसायटीत एक जण लाकडी घाण्याचं तेल आणून देतो, तिप्पट भावाने.

जाईजुई :

आजी, परवडत असेल तर एकाच तेलावर राहू नका. फोडणीला करडई किंवा शेंगदाणा, तळणाला शेंगदाणा किंवा राइसब्रान (तांदळाच्या कोंड्याचं तेल), चटणीत जवस-तीळ. घाण्याचं तेल चवीला छानच, पण घाणेवाला शेंगदाणे निवडून, बुरशीचे काढून घेतो का ते विचारा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन रिफाइंड करताना निघून जातं, घाण्याच्या तेलात राहू शकतं आणि ते यकृताला वाईट. आणि सगळ्यांत आधी माप. चार माणसांना महिन्याला अडीच-तीन लिटर, घरचं-बाहेरचं धरून. तुमच्या गिरगावातल्या मापाच्या जवळपासच आहे ते.

शिवारातला :

ज्यांना करडई करून पाहायची आहे त्यांच्यासाठी: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा, जमिनीत ओल हवी. बियाणं परभणीच्या कृषी विद्यापीठात मिळतं, आधी फोन करून जा. आम्ही गावातले काही जण मिळून यंदा करतोय, मळणीयंत्राची सोय झाली आहे. तेल गाळायला जवळची गिरणी अजून शोधतोय. अहमदपूर, उदगीर भागात कुणाची चालू असेल तर इथेच सांगा.